नावेच्या सिनेमाचा चौथा भाग

ट्रंकेत आठ डबे होते. गोल, पत्र्याचे, दहा इंच व्यासाचे. पाचांची झाकणं बोटानं ढकलली तरी फिरत होती, दोनांची गंजून घट्ट बसली होती, आणि एकाच्या तळाला आतून कुणी कुरतडल्यासारखी भोकं पडली होती. प्रत्येकावर तांबड्या रंगानं आकडा घातलेला : एक, दोन, तीन, पाच, सहा, सात, आठ, नऊ. चौथा डबा पाचोऱ्याला जीवरामकडे होता. डब्यांमधल्या फटींत कडुनिंबाचा वाळका पाला दाबून भरला होता. शिवाय एक पितळी कर्णा आणि पडद्यावर दाखवायच्या जाहिरातींच्या सहा काचा, त्यांतली एक तडकलेली. बाकी काही नव्हतं.

१९४१ सालची अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवड्यावर आली होती. लीलाधर नाना खाटेवर बसून माझ्याकडे पाहत होते.

"मोजा का?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज कोरड्या पानावरून पाय घासत जावा तसा येत होता. "बठ्ठा शेतस ना?"

"आठ आहेत, नाना."

"आहेत!" ते हसले. "जयगावनी तेलगिरणीमा जाईसन पोऱ्या 'आहेत' म्हनाले शिकना. शे म्हन भो, शे. जीभ झिजत नही."

नाना माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. धरणगावात त्यांची कापसाची थोडी जमीन होती, पण तरुणपणाची अकरा वर्षं त्यांनी शेतात काढली नाहीत. सिनेमाचा तंबू घेऊन ते खानदेशभर फिरले. चोपडा, पारोळा, शिंदखेडा, जिथे बाजार भरे तिथे तंबू. तेव्हाचा सिनेमा बोलत नसे. पडद्यावर मधूनमधून अक्षरं उमटत, ती इंग्रजी आणि गुजरातीत, आणि तंबूतल्या माणसांना कुठलीच वाचता येत नसत. म्हणून पडद्याच्या कडेला कर्णा घेऊन एक माणूस उभा राही आणि चाललेली गोष्ट आपल्या बोलीत सांगे. ते काम नाना स्वतः करत. राजा बोलला की नानांचा आवाज जड होई, म्हातारी बोलली की कापे, नायिका बोलली की पहिल्या रांगेतले लोक मान वळवून बघत की कर्ण्यामागे बाई तर नाही ना. मी लहानपणी त्यांचे सात आवाज मोजले होते.

पुढे बोलपट आले आणि तंबू बंद पडला. भाड्यानं आणलेले सिनेमे परत गेले. एकच सिनेमा नानांनी विकत घेतला होता, तो घरी आला. जाहिरातीत त्याचं लांबलचक संस्कृत नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. सगळे त्याला नावेचा सिनेमा म्हणत.

फाल्गुनात मी नानांना जळगावच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि मुंबईला जायला सांगितलं. गाठ मोठी होती, स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. त्यानंतर आवाज राहणार नाही, हे त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. घरी येताना गाडीत नाना म्हणाले, "माले समजनं भो. तू त्वांड वाकडं नको करू." धरणगाव स्टेशनवर उतरताना एकच म्हणाले, "अखाजीले प्रमिला पोरेसले लयी येई. त्यासले नावना सिनेमा दखाडसू. मंग ममईवाला काय कापतस ते कापोत."

प्रमिलाअक्का म्हणजे नानांची एकुलती एक मुलगी. तिला धुळ्याला दिलेली. अखाजीला लेकी माहेरी येतात, तशी तीही दरवर्षी येई. तिचा रुपचंद पंधरा वर्षांचा होता आणि इंदिरा बारा. दोघांनी जन्मात मूक सिनेमा पाहिला नव्हता. धुळ्याच्या थेटरात ते बोलपट पाहत आणि त्यांतली गाणी घरात म्हणत. आजोबांनी तरुणपणी काय केलं, तर 'तंबूत बुडाले', एवढंच त्यांनी वडिलांकडच्या माणसांकडून ऐकलेलं.

जळगावच्या तेलगिरणीत माझं काम तेल तपासण्याचं होतं. रसायनशास्त्र घेऊन मी बी.एस्सी. झालो होतो. म्हणून डबे तपासून सिनेमा चालण्याजोगा करून देणं माझ्याकडे आलं. पंधरा दिवसांची रजा घेऊन मी आलो होतो.

पहिला डबा उघडला तो सावलीत, ओसरीवर. झाकण निघताच असा उग्र वास आला की नानांना खोकला सुटला. आत फिल्म नव्हती असं म्हणता येणार नाही. गुंडाळी होती. पण तिची वरची वेटोळी मधासारख्या चिकट द्रवात बुडाली होती, आणि कडेनं तपकिरी भुकटीचं रिंगण साचलं होतं. मी सुरीचं पातं दोन वेटोळ्यांच्या मध्ये सरकवलं. पातं गेलं नाही. सगळी गुंडाळी गुळाच्या ढेपेसारखी एकजीव झाली होती.

"दुसरा," नाना म्हणाले.

दुसऱ्यात वरचे थर सुटे झाले. पहिला हातभर तुकडा मी उजेडात धरला. त्यावर चित्र नव्हतं, पिवळसर काच असावी तसं काहीतरी होतं. तिसऱ्यात, पाचव्यात तेच. सहाव्यात नुसती भुकटी होती, तळाला भोकं पडलेला तोच डबा. प्रत्येक डब्यात मी निळ्या लिटमसचा ओला कागद धरत होतो आणि प्रत्येक वेळी तो लगेच लाल होत होता. आठव्यात, आतल्या बाजूला, थोडा भाग सुटा निघाला. त्यावर एक माणूस होता, त्याचा हात दोराकडे गेलेला. नानांनी तो तुकडा डोळ्यांशी नेला.

"हाऊ नावाडी शे," ते म्हणाले. "दोर सोडस." आणि तुकडा तसाच धरून बसले.

मग त्यांनी विचारलं, "हायी कसामुये व्हयनं?"

"ही फिल्म कापसापासून करतात, नाना. कापूस आणि नत्राम्ल. त्यातलं आम्ल हळूहळू सुटं होतं आणि मग तेच फिल्मला खातं."

"कापूसपाईन?" त्यांना भलतंच नवल वाटलं. "आम्हना कापूस? म्हंजे घरनाच माल शे!" ते आवाज न होता हसले आणि हसता हसता पुन्हा खोकू लागले.

तेवढ्यात मोठीमाय पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मोठीमाय म्हणजे नानांच्या पत्नी धुरपदाबाई. घरातल्या वस्तू टिकवण्यात तिचा हात कुणी धरला नसता. तिच्या लग्नातली पैठणी अजून घडीवर विरली नव्हती. तिनं डब्यात वाकून पाहिलं आणि तांब्या खाली ठेवला.

"आसं कसं व्हयनं?" ती म्हणाली. "मी तं दर सालले ऊन दिधं. एकबी साल चुकनं नही. गोधड्यासनासंगे, मिरच्यासनासंगे. झाकन उघाडी, वर पातय धोतर बांधी, चार-पाच रोज आंगनमा. सुकदेव, तू देखेल शे ना?"

पाहिलं होतं. अखाजीच्या आधी आमच्याकडे सगळ्या घराला ऊन दाखवतात. गहू, डाळी, गाद्या, गोधड्या, लुगडी, सगळं अंगणात येतं, म्हणजे पावसाळ्यात कीड लागत नाही आणि बुरशी चढत नाही. तंबूचा मखमली पडदा एका पावसाळ्यात बुरशीनं गेला, तेव्हापासून मोठीमायनं डबेही उन्हात ठेवायला सुरुवात केली होती. नाना ते पाहून येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानानं सांगत, "मन्ही बायको फिलमले पापडगत जपस."

"सांग ना," मोठीमाय म्हणाली. "काय कमी पडनं?"

"काही नाही. जुनी झाली की असं होतंच," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी तिच्या नेहमीच्या जागेवर, तुळशीपलीकडच्या फरशीवर, एक रिकामं झाकण उपडं ठेवलं आणि त्यावर गिरणीतला तापमापक ठेवला. पारा त्रेसष्ट अंश सेंटिग्रेडवर थांबला. मी झाकण उचलून आत आणलं. आठही डबे मी ओल्या गोणपाटात गुंडाळून गोठ्यामागच्या सावलीत हलवले, कारण अशी फिल्म तापली तर आपोआप पेट घेते. घरात सांगितलं, वास येतो म्हणून हलवले.

संध्याकाळी नाना म्हणाले, "जीवरामकडला देखी ये."

जीवराम नानांचा मशीन फिरवणारा माणूस. तंबू मोडला तेव्हा नानांनी त्याला पगाराऐवजी हाताचं जुनं मशीन देऊन टाकलं होतं. तेव्हा चौथा भाग त्याच मशीनवर चढलेला होता, तो तसाच त्याच्याबरोबर पाचोऱ्याला गेला. दुसऱ्या दिवशी मी गाडीनं पाचोऱ्याला गेलो. जीवराम आता साठीला आलेला. नानांच्या घशाचं ऐकून तो खाली बसला.

"डबा शे का?" मी विचारलं. नानांच्या धाकानं माझी बोली थोडी सुधारली होती.

"व्हई कोठेतरी. आरे, मी तं त्याले हातबी लाया नही." त्यानं घरभर शोधलं. शेवटी मोरीशेजारी, पाण्याच्या रांजणाच्या तिवईखाली, एका फुटक्या पाटीच्या मागे तो सापडला. वर कोळीष्टकं होती. मी तिथेच झाकण काढलं. वास फार नव्हता. पहिलं वेटोळं सुटलं, दुसरं सुटलं. मी ती दाराच्या उजेडात धरली. नदी होती. पाण्यावर उजेडाच्या रेघा होत्या, आणि एका मुलीच्या कपाळावरची टिकलीसुद्धा दिसत होती.

जीवराम खजील झाला होता. "नानाले सांगू नको भो, का मी मोरीपान ठेयेल व्हता. म्हनतीन, जीवरामनी कदर करी नही."

अखाजीच्या दिवशी जीवराम मशीन, कार्बाइडची बत्ती आणि डबा घेऊन धरणगावला आला. दिवस मावळल्यावर अंगणात दोन बांबूंना धोतर बांधलं. ते पाण्यानं भिजवलं, तंबूत पडदा भिजवत तसं, म्हणजे मागच्या बाजूनंही चित्र दिसतं. मशीनशेजारी वाळूच्या दोन बादल्या ठेवल्या. रुपचंद आणि इंदिरा सतरंजीवर बसले. प्रमिलाअक्का त्यांच्या मागे. मोठीमाय पडद्यापलीकडे जाऊन बसली.

"आजी, तिकडे कुठे?" इंदिरा म्हणाली. "तिकडून उलटं दिसतं."

"बायासनी जागा आठेच शे," मोठीमाय पलीकडून म्हणाली. "माले सुलटं देखीसन कयनारच नही."

प्रमिलाअक्का हसली. "मी पण लहानपणी तिथेच बसायची. माझ्या आठवणीत सगळे शिपाई डाव्या हातानं तलवार चालवतात."

नाना पांढरा सदरा घालून पडद्याच्या कडेला उभे राहिले. कर्णा त्यांनी घेतला आणि परत ठेवला. घरातल्या पाच-सहा माणसांना कर्णा कशाला, असं पुटपुटले. पण कर्णा तोंडाला लावून फुंकर पुरत नव्हती, हे मी सकाळी पाहिलं होतं.

"पहिल्या तीन भागात काय झालं ते आधी सांगतो," ते म्हणाले. धुळ्याच्या नातवंडांसाठी ते शहरी बोलत होते, आणि ते त्यांना जड जात होतं. एक राजपुत्र होता. त्याला सावत्र आईनं घालवून दिलं. रानात त्याला साधू भेटला. साधूनं शाप दिला. शाप काय, तेही सांगितलं. त्यांच्या घशातून प्रत्येक शब्द ओढून काढावा लागत होता, आणि समोर ओला पांढरा पडदा होता, त्यावर काही नव्हतं.

रुपचंद माझ्याकडे झुकला. "मामा, सिनेमा कधी सुरू होणार? आठवडे बाजारात टूरिंग टॉकीज आलंय. आईनं जा म्हटलंय, साडेआठच्या खेळाला."

"अरे, ऐक जरा," प्रमिलाअक्कानं त्याला चिमटा काढला.

नानांनी ते ऐकलं. त्यांनी तिसरा भाग दोन वाक्यांत संपवला आणि जीवरामला हात केला.

जीवरामच्या बोटांचे सांधे धरले होते, म्हणून मशीनची मूठ मी फिरवली. सेकंदाला दोन फेरे, असं त्यानं बजावलं होतं. पडद्यावर नदी उमटली. इंदिरा "अय्या!" म्हणाली, आणि नानांची पाठ ताठ झाली.

पूर आलेला. नावाड्याची मुलगी राजपुत्राला नावेत लपवते, वर जाळं टाकते. शिपाई काठावर येतात आणि तिला विचारतात. हाच तो प्रसंग, ज्याला तंबूत लोक श्वास धरून बसत. शिपायाचा दरडावणारा आवाज, लगेच मुलीचा साधा, थोडा लाडिक आवाज, मध्येच जाळ्याखालून राजपुत्राची कुजबुज, हे सगळं नाना एकटे करत. मला ते अजून कानांत ऐकू येत होतं.

"थांब पोरी! ही नाव कुणाची?" नाना म्हणाले. आणि मग, "माझ्या बापाची, शिपाईदादा." आणि मग, "श्श... हलू नको."

तिन्ही एकाच घोगऱ्या आवाजात.

"आता कोण बोललं?" इंदिरानं विचारलं.

"ती मुलगी," प्रमिलाअक्का म्हणाली.

"आणि आता?"

"शिपाई."

"पण नाना सगळ्यांचा आवाज एकच काढतात," रुपचंद म्हणाला. तो वाईट हेतूनं म्हणाला नाही. त्याला खरंच कळत नव्हतं.

प्रमिलाअक्काचा हात त्याच्या खांद्यावर होता, तो तिनं काढून घेतला. नाना पडद्याकडे तोंड करून बोलत राहिले. शिपाई भाला जाळ्यात खुपसतो, मुलगी हसते आणि म्हणते, मासे मेले तर पैसे कोण देईल. इथे तंबूत टाळ्या पडत. इंदिरा हसली, पण ती पडद्यावरच्या शिपायाच्या मिशांना हसली. नाव काठ सोडते. पाऊस पडतो. नाव नदीच्या मध्यावर येते आणि भाग संपतो. धोतर पुन्हा पांढरं झालं. मी मूठ थांबवली.

"पुढे?" रुपचंद म्हणाला.

"पुढचे डबे खराब झाले," मी म्हणालो.

"म्हणजे एवढंच?" तो उठला आणि चड्डी झटकू लागला. "इंदे, चल. सुरुवातीची चित्रं निघून जातील."

"जाऊ का गं?" इंदिरानं आईला विचारलं. प्रमिलाअक्का नानांकडे पाहत होती. नानांनी हातानं खूण केली, जा, जा. रुपचंद फाटकापाशी पोहोचला. इंदिरा मात्र अर्ध्यातून परत आली आणि नानांसमोर उभी राहिली.

"नाना, मग शेवटी काय होतं? तो पोचतो का?"

नानांनी तोंड उघडलं. ओठ हलले. कंठमणी वरखाली झाला. नुसती हवा आली. त्यांनी आवंढा गिळून पुन्हा प्रयत्न केला आणि पुन्हा हवाच आली. इंदिरा त्यांच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होती. त्यांनी एक हात पुढे केला, तळवा उताणा, जणू त्या तळव्यावर काही आहे. मग तो हात खाली पडला.

"नाव परत येस," मोठीमाय पडद्यामागून म्हणाली. "काठले लागस. नावमा कोनी नही ऱ्हास."

"बस?"

"बस."

इंदिरा "हं," म्हणाली आणि भावाच्या मागे पळाली.

जीवरामनं बत्ती मालवली. प्रमिलाअक्का उठून आत गेली, आणि आतून भांडी आपटल्याचा आवाज आला. नाना खाटेवर बसले. मी फिल्म हातानं परत गुंडाळू लागलो. ती सरळ, सुटी, न अडकता येत होती.

मोठीमाय पडद्याच्या कडेनं अलीकडे आली. तिनं माझ्या हातातल्या गुंडाळीकडे पाहिलं.

"जीवराम," ती म्हणाली, "तू याले ऊन कव्हय दे?"

"ऊन?" जीवराम गडबडला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "नही ना, वहिनी. खोटं कसाले बोलू? मन्हा ध्यानमाच नही ऱ्हायनं. रांजनना खाले पडेल व्हता डबा. मोरीपान. इतला सालमा उघाडाबी नही. चुकनं मन्हं."

"कव्हयच नही?"

"कव्हयच नही. माफ करज्या नाना. मी कदर करी नही." त्यानं नानांचे पाय धरले.

नाना त्याच्याकडे पाहत नव्हते. ते मोठीमायकडे पाहत होते. तिनं ते पाहिलं आणि डोक्यावरचा पदर ओढून घेतला. नानांनी तिला काहीतरी सांगण्यासाठी हात उचलला, ओठ हलवले, आणि त्यांचा आवाज त्या दिवशी पुन्हा आला नाही. दोन दिवसांनी आम्ही मुंबईला निघणार होतो.

सकाळी मी चूळ भरत होतो तेव्हा मोठीमाय गोठ्यामागून आली. तिनं ओल्या गोणपाटातले आठही डबे एकेक करून ओसरीवर आणून मांडले होते. शेजारी जीवरामचा डबा होता आणि माझी लाकडी फूटपट्टी.

"सुकदेव, मोज."

"काय मोजू, मोठीमाय?"

"बठ्ठं. मन्हं कितलं ऱ्हायनं, ते. आनि जीवरामनं कितलं ऱ्हायनं, ते."

"त्यानं काय होणार आहे? फिल्मची जात, धुवायची पद्धत, पुष्कळ कारणं असतात. एका डब्यावरून सांगता येत नाही."

"तू तेलनी तपासनी करस ना? गिरनीवाला तुले म्हनतस का, ऱ्हाऊ दे?"

मी फूटपट्टी बाजूला सारली.

"त्या रोज तुले इचारं, तवय तू माले सांगं नही," ती म्हणाली. "मी वयखं व्हतं. आते मन्हासमोर मोज."

खाटेवर नाना जागे होते. त्यांनी मान हलवली, नको अशी. मोठीमायनं तिकडे पाठ केली आणि खाली बसून फिल्मचं टोक धरलं.

आम्ही मोजायला लागलो. ती टोक धरी, मी पट्टी सरकवत जाई. जिथे चित्र दिसतं आणि कडेची भोकं शाबूत आहेत तेवढंच धड धरायचं, असं मी ठरवलं आणि तिला समजावून सांगितलं. दोनदा तिनं मला थांबवलं. एकदा एका डागाळलेल्या तुकड्यावर, मी तो धड धरला होता म्हणून. "हाऊ नही," ती म्हणाली, "यामा काही दिखत नही. लबाडी नको करू." दुसऱ्यांदा तिला वाटलं मी पट्टी घसरवली, म्हणून तेवढं तिनं पुन्हा मोजायला लावलं. आतल्या खोलीत रुपचंद काल पाहिलेल्या बोलपटातलं गाणं म्हणत होता. प्रमिलाअक्कानं त्याला गप्प केलं.

ऊन ओसरीच्या पायरीवर आलं तेव्हा काम संपलं. मोठीमायनं विचारलं आणि मी तिला आकडे वाचून दाखवले.

उन्हात ठेवलेले आठ डबे : मूळ लांबी सुमारे सात हजार चारशे फूट. धड, एकोणीस फूट.

जीवरामकडचा डबा : नऊशे छत्तीस फूट. धड, नऊशे छत्तीस फूट.